ओल्या भिंतीवरचे पुसलेले रक्त

१

भिंतवाल्या ताईंनी बोलावले होते म्हणून घरमालक दुपारी त्या तळमजल्यावरच्या घरी गेला. दार नुसते लोटलेले होते. त्याने हाक मारली, खाकरून पाहिले आणि शेवटी दार ढकलले. मागच्या खोलीत टाकलेले त्याचे पहिलेच पाऊल निसटले. पायाखाली पाणी नव्हते, रक्त होते.

तिथे, ओलीने काळवंडलेल्या भिंतीशी, ताई पालथ्या पडल्या होत्या. डोक्याची मागची बाजू फुटक्या मडक्यासारखी आत गेली होती. त्या कोसळल्यानंतरही मारणाऱ्याचा हात थांबला नव्हता, हे पाहताक्षणी कळत होते. उजव्या हाताची बोटे मोडली होती. मस्तक वाचवायला तो हात वर गेला असावा. जी लहानशी हातोडी भिंतीवर ठोकून त्या आतला पोकळपणा ऐकत, तीच हातोडी केसांसह रक्तात माखून शेजारी पडली होती. त्यांचे ओठही रक्ताने भरले होते, परंतु ओठांवर जखम नव्हती.

तपास ज्या अधिकाऱ्याकडे आला, तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर होता. घाई हा शब्द त्याच्या कोशात नव्हता. चौकीतली तरुण मंडळी त्याला पाठीमागे सावकाशराव म्हणत, हे त्याला ठाऊक होते आणि ते नाव त्याला आवडतही असे. प्रेताला दोन्ही हात जोडून मगच तो वाकला. बराच वेळ त्याने प्रेताकडे पाहिले, मग भिंतीकडे.

इतक्या आघातांचे शिंतोडे छतापर्यंत उडाले होते. मात्र प्रेताच्या अगदी वर, खांद्याच्या उंचीपासून गुडघ्यापर्यंत, भिंतीचा एक पट्टा कोणीतरी नीट, निगुतीने पुसून काढला होता.

२

श्वास हे माणसाला मिळणारे पहिले दान. ते ज्यांना सहज लाभते, त्यांना त्याचे मोल कळत नाही.

त्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या बालविभागात तीच तीच मुले पुन्हा पुन्हा येत. वाफेतून औषध द्यावे, छाती मोकळी करावी, घरी धाडावे; आणि घरातली ओल, बुरशी, झुरळे आणि धूर यांनी ती छाती पुन्हा आवळावी. विभागप्रमुख डॉक्टरांनी एकदा सर्वांसमोर विचारले की मूल बरे करून आपण त्याला पुन्हा आजाराच्याच स्वाधीन करतो, हे कसले वैद्यक? त्या प्रश्नातून श्वासयोजना जन्माला आली. औषधाच्या आधी घर पाहायचे, हे तिचे सूत्र. योजनेच्या सेविका घरोघर जात, भिंती ठोकत, बिळे बुजवत, गाद्यांना खोळी घालत, धूळ न उडवता ओल्या कापडाने पुसायला शिकवत. ज्या मुलावर रुग्णालय वर्षभर खर्च करी, त्याच्या घराची भिंत त्याहून पुष्कळ कमी खर्चात कोरडी होई. बालविभागातल्या खाटा रिकाम्या राहू लागल्या होत्या. आता आरोग्य मंडळापुढे प्रश्न होता, की रुग्णालयाचा पैसा साऱ्या शहरातल्या घरांच्या दुरुस्तीकडे वळवावा की नाही.

त्या योजनेतल्या सर्वांत जुन्या सेविका म्हणजे भिंतवाल्या ताई.

ज्या घरात त्यांचा अंत झाला, ते एका वेल्डरचे होते. त्याची मुलगी चिमणी आदल्याच दिवशी धाप लागून रुग्णालयात गेली होती, आई तिच्या उशाशी होती, आणि भिंत तपासण्यासाठी किल्ली आईनेच ताईंना दिली होती. वेल्डर रागीट म्हणून प्रसिद्ध. कामाचे कपडे घरात आणू नका, सिगारेट सोडा, असे ताईंनी बजावले तेव्हा त्याने साऱ्या गल्लीसमोर गर्जना केली होती की पुन्हा पाऊल टाकलेत तर डोके फोडीन.

आता डोके फुटले होते.

संध्याकाळी तो घराकडे येताना दिसला आणि जमाव त्याच्यावर तुटून पडला. कोणी लाथा घातल्या, कोणी पट्ट्याने मारले. एकाने तर त्याचे दोन्ही हात फरशीवर दाबून त्यांवर दगड ठेचला. पोलीस पोहोचले तेव्हा तो तोंडातून दात थुंकत होता.

रात्र उलटल्यावर शवचिकित्सेचा निष्कर्ष आला. मृतेच्या दातांत दुसऱ्या कोणाच्या तरी कातडीचा तुकडा अडकला होता. मारेकऱ्याने तोंड दाबले होते आणि ताईंनी त्याचा हात चावला होता.

हवालदाराने वेल्डरचे हात उजेडात धरले. जुने भाजल्याचे व्रण, आणि त्यांवर दगडाने सोललेले ताजे मांस. त्या हातांवर दातांचा ठसा असेल किंवा नसेल. आता ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

३

वेल्डरची बायको चौकीत आली, ती रडत नव्हती. तिचे म्हणणे सरळ होते. नवरा फासावर गेला तर ती उघड्यावर पडेल, हे एक. परंतु खुनाची वार्ता पसरताच मंडळाने योजनाच थांबवली होती, आणि त्या भिंतीचे काम झाल्यावाचून चिमणीला घरी पाठवू नका, असे रुग्णालयात सांगत होते. म्हणजे नवराही आत आणि लेकही आत.

“साहेब, तो ओरडतो,” ती म्हणाली. “भांडी आपटतो. पण ताई ओरडून गेल्या ना, त्या दिवसापासून सिगारेट जिन्याखाली जाऊन ओढतो. घरात आणत नाही.”

खुनाच्या वेळी कुठे होतास, असे विचारले तेव्हा वेल्डरने आधी मान फिरवली. मग सांगितले की तो काम सोडून रुग्णालयाच्या दारापर्यंत गेला आणि तिथूनच परतला, आणि दिवस कलेपर्यंत कुठल्याशा बागेत बसून राहिला. लेकीला श्वासासाठी तडफडताना त्याच्याने पाहवत नव्हते. याला साक्षीदार कोणी नव्हता. हे सांगताना त्याने कोठडीच्या भिंतीवर कपाळ इतक्या जोराने आपटले, की दोघांनी धरून त्याला मागे ओढावे लागले.

घरमालकाकडेही कारण होते. भिंतीमागून वाहणाऱ्या गटाराचे पाणी आत झिरपते आणि सारी भिंत पाडून बांधावी लागेल, असे ताईंचे मत होते. तो भुर्दंड त्याच्यावर येणार होता. सावकाशरावांनी त्याला साबणाच्या पाण्याने पुसलेल्या पट्ट्याविषयी विचारले.

“पुसणं आणि मी?” घरमालकाने हात झटकले. “बायकोला विचारा, आयुष्यात मी ताटसुद्धा उचललेलं नाही. आणि समजा पुसलंच असतं, तर कोपऱ्यात फिनेलची भरलेली बाटली होती. अख्खी ओतली असती. साबणाच्या पाण्यानं रक्त पुसत बसायला मला काय वेड लागलंय?”

बाटली खरोखरच तिथे होती, झाकण न उघडलेली. ज्याला रक्ताचा मागमूस पुसायचा होता, त्याने हाताशी असलेली ती उग्र बाटली का वगळली?

तेवढ्यात हवालदार मागच्या गटाराच्या जाळीत अडकलेले कापड घेऊन आला. ते ताईंच्याच पिशवीतले मोठे कापड होते. सावकाशरावांनी ते टेबलावर पसरले. रक्त त्यावर कसेही फासलेले नव्हते. नीट आखल्यासारखे आठ चौकोन रक्ताने भरले होते, आणि चौकोनांमधल्या घड्यांच्या रेषा जवळजवळ कोऱ्या होत्या.

४

विभागप्रमुख डॉक्टर वॉर्डातून चौकीत आले, ते अंगावर पांढरा कोट आणि हातांत रबरी मोजे घालूनच.  त्यांना बसायला सांगितले तरी ते उभेच राहिले.

कापड पाहताच त्यांनी डोळे मिटून घेतले.

“ही आमची पद्धत आहे,” ते म्हणाले. “कापड तीन वेळा दुमडून आठ घड्या घालायच्या, वरून खाली एकदाच पुसायचं, मग घडी उलटायची. मळलेली बाजू पुन्हा भिंतीला लावायची नाही. योजना सुरू झाली तेव्हा ती मी बसवून दिली. फिनेल वापरायचं नाही, कारण त्याच्या वासानं दम्याच्या मुलाची छाती भरते. हे आम्ही प्रत्येक घराला शिकवतो. त्या वेल्डरच्या घरालाही.”

त्याचा अर्थ स्पष्ट होता. पुसणारा परका नव्हता. ज्याला त्या खोलीत परत येणाऱ्या मुलीच्या छातीची काळजी होती, त्याने पुसले होते. फासाची गाठ वेल्डरच्या गळ्याभोवती आणखी आवळली गेली.

सावकाशरावांनी सहज विचारले की त्या घरी डॉक्टर कधी गेले होते काय. डॉक्टर खिन्नपणे हसले. आता घरोघर हिंडायला वेळ कुठला, बैठकांतून मान वर काढता येत नाही, असे त्यांनी सांगितले. बोलता बोलता ते योजनेकडे वळले. मंडळाने होकार दिला तर किती मुलांच्या रात्री सुखाच्या होतील, हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. ते पाणी खोटे नव्हते, आणि याच गोष्टीने सावकाशराव पुढे बराच वेळ अस्वस्थ राहिले.

५

दुसऱ्या दिवशी ते चिमणीला पाहायला वॉर्डात गेले. मुलगी नळी लावून झोपली होती. तिच्या बरगड्यांमधली कातडी दर श्वासाला आत ओढली जात होती. खाटेशेजारच्या टेबलावर दूध सांडले होते आणि आई ते पुसत होती. तिने रुग्णालयाचे मोठे कापड घेतले, अर्धे दुमडले, पुन्हा अर्धे दुमडले, आणि एकेक बाजू उलटीत टेबल पुसून काढले.

सावकाशराव तिच्या हातांकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी विचारले की चारच घड्या का.

“चारच असतात,” ती गोंधळून म्हणाली. “ताईंनी तशाच शिकवल्या. त्यांनाही तसंच.”

त्यांना म्हणजे नवऱ्याला. सावकाशराव चौकीत परतले, वेल्डरपुढे तसलेच मोठे कापड टाकले आणि घडी घालायला सांगितले. सुजलेल्या बोटांनी कण्हत त्याने दोन वेळा कापड दुमडले आणि थांबला.

त्यानंतर ते योजनेतल्या काही घरी गेले. कोणाला काही न सांगता त्यांनी प्रत्येक ठिकाणी कापड मागितले. चार, चार आणि पुन्हा चार. एका घरच्या सासूबाई तर चिडल्या आणि म्हणाल्या की पोलिसांना आता घरकामही शिकायचे आहे काय.

शेवटी त्यांनी ताईंच्या जोडीदार सेविकेला गाठले. खुनाच्या साऱ्या दुपारभर ती वॉर्डात चिमणीला वाफ देत होती, हे अनेकांनी पाहिले होते. तिने सांगितले की पहिल्या प्रशिक्षणात आठच घड्या होत्या. परंतु आठ घड्यांचे ओले कापड विटेसारखे जाड होते, पिळता येत नाही आणि बायकांच्या मुठीत मावत नाही. घरोघर हिंडू लागल्यावर दोघींनी काही आठवड्यांतच ती पद्धत सोडून दिली होती.

“वर कळवलं नाहीत?” सावकाशरावांनी विचारले.

“ताई म्हणाल्या, कशाला? साहेबांना आठ आवडतात. राहू देत. ते कुठे घरी येऊन बघणार आहेत?”

हे वाक्य तोंडून गेल्यावर तिचे तिलाच काहीतरी उमगले.

६

मग सावकाशरावांनी दुसरा प्रश्न विचारला. डॉक्टर आणि ताई यांचे कशावरून बिनसले होते?

ओठ चावत, थांबत तिने सांगितले ते असे. काही घरे सोपी असतात. खिडकी मोकळी केली, बिळे बुजवली की मूल सुधारते. काही घरे अवघड असतात. तिथे भिंतच पाडावी लागते, खर्च चढतो आणि तरीही मूल सावकाशच बरे होते. मंडळापुढे जाण्याआधी डॉक्टरांनी अशी अवघड घरे योजनेतून हळूहळू गाळायला सुरुवात केली होती. मग उरलेल्या घरांचे यश डोळ्यांत भरत होते आणि खर्च नगण्य दिसत होता. वेल्डरचे घर गाळण्याच्या रांगेत पुढचे होते.

ताई ऐकायला तयार नव्हत्या. मंडळाच्या सभेत उभी राहून सांगेन की योजना खरी आहे, पण तुम्ही म्हणता तितकी स्वस्त नाही, असे त्यांनी डॉक्टरांना तोंडावर सांगितले होते. एकदा स्वतः येऊन ती भिंत बघा, असा हट्टही धरला होता.

सावकाशराव उठले. न्यायालयाला लागणारा पुरावा त्यांच्याकडे अजून नव्हता. घड्या चार की आठ, यावर कोणताही न्यायाधीश कोणाला फाशी देणार नव्हता. परंतु तो पुरावा कुठे झाकलेला आहे, हे आता त्यांना कळले होते.

७

योजनेच्या प्रशिक्षणाच्या दालनात भर दुपारी सर्व जमले. टेबलावर कापडे, पाण्याची बादली आणि भिंती ठोकायच्या हातोड्या मांडलेल्या होत्या. बेड्या घातलेला वेल्डर हवालदारासोबत उभा होता, त्याची बायको सेविकेशेजारी. डॉक्टर आले, तेव्हा इथे कोणी रुग्ण नसताही त्यांच्या हातांत मोजे होते.

सावकाशरावांनी नम्रपणे विनंती केली, की आरोपीला पद्धत येत होती हे न्यायालयात सिद्ध करावे लागेल, तरी डॉक्टरांच्या देखत ते होऊन जावे. वेल्डरच्या हातात ओले कापड दिले गेले. त्याने दोन वेळा दुमडले आणि भिंतीला लावायला निघाला.

“पुढची घडी घाल,” डॉक्टर म्हणाले.

“पुढची कुठली?”

“नाटक करू नकोस. प्रत्येक घराला शिकवलंय.” डॉक्टरांनी कापड त्याच्या हातातून हिसकावले आणि सराईत बोटांनी तिसरी घडी घातली. आठ पदरी कापड मुठीत धरून ते मागे वळले. “ही अशी.”

 मग सेविका खाली बघत म्हणाली, “साहेब, आठ कुणीच घालत नाही. आम्हीसुद्धा नाही. कितीतरी वर्षं झाली.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले, मग आपल्या मुठीकडे. पाणी बोटांतून ठिबकत होते.

“आठ घड्या घालणारा आता या शहरात एकच माणूस उरला आहे,” सावकाशराव म्हणाले. “मोजे काढा, डॉक्टर.”

कापड खाली पडले आणि त्याच हालचालीत डॉक्टरांच्या हाती हातोडी आली. पहिला घाव सावकाशरावांच्या गळ्याच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सर्वांनी ऐकला. ते गुडघ्यांवर कोसळले. हवालदार पुढे झाला, तर उलट्या हाताचा तडाखा त्याच्या जबड्यावर आला आणि तो बादलीवर आदळला. डॉक्टरांनी हातोडी पुन्हा उगारली, या वेळी सावकाशरावांच्या मस्तकावर.

तो घाव पडला नाही. वेल्डरने मागून झेप घेतली, बेड्यांची साखळी डॉक्टरांच्या गळ्याभोवती टाकली आणि दोन्ही हातांनी मागे खेचली. हातोडी गळून पडली. डॉक्टरांचे पाय फरशीवर झाडले जाऊ लागले. चेहरा तांबडा झाला, मग काळानिळा. वेल्डरच्या मनगटांतून रक्त वाहत होते, तरी तो खेचतच होता. त्याचे फुटलेले तोंड, लेकीची खाट, गल्लीतला तो दगड, सारे त्या साखळीत उतरले होते. आणखी थोडे खेचले असते, तर ज्या गुन्ह्यासाठी त्याला धरले होते, तो गुन्हा त्याच्या हातून खरोखर घडला असता.

डॉक्टरांच्या गळ्यातून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला. त्या दालनातल्या प्रत्येकाला तो आवाज ओळखीचा होता.

बायको जवळ गेली. तिने नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला.

“अहो, सोडा त्यांना,” ती म्हणाली. “श्वास कोंडला की कसं होतं, ते आपण रोज बघतो. शत्रूचाही कोंडू नये.”

 वेल्डरने साखळी सैल केली.

डॉक्टर जमिनीवर पडून हवा गिळत राहिले. सेविकेने, जणू वॉर्डातच असल्यासारखे, त्यांना कुशीवर वळवले, कॉलर सैल केली आणि उजव्या हाताचा मोजा ओढून काढला. तळव्याच्या कडेवर दातांची अर्धगोल रांग होती, आणि मध्ये मांसाचा तुकडा नव्हता.

८

डॉक्टरांनी काहीही नाकारले नाही. त्या दुपारी ते प्रथमच एका घरी गेले होते. ताईंनी भिंत दाखवली; उद्याच्या सभेत हीच भिंत सांगणार, म्हणाल्या. मीही ठोकून बघतो, असे म्हणून त्यांनी हातोडी मागितली. ताईंनी ती विश्वासाने दिली आणि भिंतीला कान लावला. पहिल्या घावानंतर त्या किंचाळू लागल्या, म्हणून तोंड दाबले. चावल्यावर मात्र आपण काय करतो आहोत याचे भान राहिले नाही. चावलेल्या हाताने ते भिंतीला टेकले होते, त्यांचे स्वतःचे रक्त तिथे लागले होते, म्हणून तेवढाच पट्टा पुसला. पुसताना हात आपोआप शिकवल्याप्रमाणे चालला.

हजारो मुलांसाठी एक जीव, असा हिशेब मी केला, असे ते म्हणाले. सावकाशरावांचा खांदा फळीने बांधलेला होता. त्यांनी एवढेच उत्तर दिले, की ताईंनी तर त्या हिशेबात एकही मूल गाळायला नकार दिला होता.

योजना बुडणार, असे सर्वांना वाटले. मंडळाच्या लांबणीवर पडलेल्या सभेत सेविका उभी राहिली. योजना सांगितली त्याहून महाग पडेल, असे तिने न चाचरता सांगितले. तरीही अवघड घरातले मूलच वॉर्डात सर्वांत अधिक वेळा येते, म्हणून तीच भिंत बांधून रुग्णालयाचा सर्वांत अधिक खर्च वाचेल, असेही. बरीच वादावादी झाली. साऱ्या शहरासाठी होकार मिळाला नाही. अवघड घरांपासून सुरुवात करून पाहावी आणि पुढे ठरवावे, असे ठरले.

घरमालकाने कुरकुर केली, पण भिंत पाडू दिली.

पुष्कळ दिवसांनी सावकाशराव त्या घरी गेले. वेल्डर दारातच बसून तुटलेली खुर्ची सांधत होता. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून चिमणी धावत आली आणि उंबऱ्याशी धापा टाकत थांबली. वेल्डरच्या हातातली हत्यारे खाली पडली. तो उठून औषधासाठी आत धावणार, तोच लेकीने त्याचा सदरा धरला.

“बाबा, थांबा ना,” ती हसत म्हणाली. “दमा नाही. मी पळाले, म्हणून धाप लागलीय.”